मालागात कोण असतं

“काका, तुमचा हर्ष म्हणे समुद्रावर बसून अभ्यास करतो! नशीबवान आहे राव. आम्ही इथे बॉनला एप्रिल आला तरी कानटोपी घालून फिरतोय.”

क्षितिज श्रीखंडाची वाटी हातात घेऊन माझ्यासमोर उभा होता. इथल्या मराठी मंडळींनी गुढीपाडव्यासाठी चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता, आणि हा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला पोरगा मला अगदी प्रेमानं, मनापासून विचारत होता. हर्ष आमचा मुलगा. त्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती. हॅनोव्हरला युनिव्हर्सिटीत सायकलवरून निघाला होता, चौकात वळणाऱ्या ट्रकखाली आला. मालागाला तो कधी गेलाच नाही. मालागाला होती आमची मुलगी, अन्वी.

मी म्हणालो, “हो. मजा आहे त्याची.”

दुसरं काय म्हणणार? समोरचा माणूस श्रीखंड चाटत असताना त्याला काय सांगायचं? मी घाम पुसला आणि पाणी प्यायला म्हणून तिथून सटकलो.

परतताना गाडीत मी बायकोला, लीलाला विचारलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

“अहो, क्षितिजच्या बायकोकडे, मीनलकडे हळदीकुंकवाला गेले होते ना, तेव्हा तिनं विचारलं, मुलं किती? मी म्हटलं दोन. खोटं आहे का ते?”

“नाही.”

“मग ती म्हणाली, कुठे असतात? माझ्या तोंडातून निघून गेलं, मुलगा मालागाला शिकतो.”

“आणि अन्वी?”

“अन्वीचं तिनं विचारलंच नाही,” लीला म्हणाली. “मीच म्हटलं, ती घरी असते.”

मी चिडलो होतो. बॉनला आम्ही आलो तेच मुळी कोणाला काही सांगायला लागू नये म्हणून. हॅनोव्हरमध्ये लीलाला त्या चौकातून जाववत नव्हतं, आणि तो चौक टाळून गावात जायचं तर तासभर वळसा. मी टेलिकॉम कंपनीत बदली मागून घेतली. लीलाला इथे एका डेंटिस्टच्या प्राक्सिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शनला नोकरी लागली. सकाळी दारात उभं राहून लोकांना ‘बसा, पाच मिनिटं’ म्हणायचं, दुखऱ्या दाढांच्या तक्रारी ऐकायच्या, फोन घ्यायचे. साधी, कोणाच्या अध्यात ना मध्यात नसलेली बाई. सगळं नवं. नव्या माणसांत एक बरं असतं, ती आपल्याकडे बघून एकदम हळू आवाजात बोलायला लागत नाहीत. मला वाटलं होतं, तेवढं मिळालं तरी पुरे. आता बोंबला.

मालागाचं खरं म्हणजे हर्षचंच ठरलं होतं. एक सेमिस्टर तिकडे करायचं, स्पॅनिश शिकायचं, पोहायचं. खोलीसुद्धा बघून ठेवली होती त्यानं. तो गेला. मग अन्वी कॉलेजात गेली आणि एक दिवस म्हणाली, “बाबा, मीपण मालागा मागितलंय. दादा जाणार होता ना. बघून तरी येते.” फेब्रुवारीत गेली, आणि तिला ते गाव इतकं आवडलं की हिवाळ्याचं सेमिस्टरही तिथेच करते म्हणाली.

दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. जर्मन आणि मराठीची भेळ करून पोरगी भडाभडा बोलायची. एका फ्लॅटमध्ये चौघं, बाथरूम एकच, आणि त्या इटालियन मुलाच्या अंघोळी संपता संपत नाहीत. रात्रीचं जेवण दहाला. कपडे गच्चीवर वाळत घालायचे, वाळून कडक होतात. किनाऱ्यावर जुन्या होडीत वाळू भरून त्यात विस्तव करतात आणि काडीला टोचलेली मासळी त्यावर भाजतात. तिथल्या मोठ्या चर्चचा एक मनोरा बांधायचा राहून गेलाय, म्हणून लोक त्याला एकहाती बाई म्हणतात. आणि गंमत म्हणजे फेब्रुवारीत घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी! हीटिंगच नाही. “आल्झो, सगळे म्हणतात स्पेन म्हणजे ऊन. मी खोलीत तीन स्वेटर घालून बसलेय!”

लीला ऐकायची. मन लावून ऐकायची, मध्ये एक अक्षर बोलायची नाही. मला बरं वाटायचं. निदान मुलीशी तरी ही जोडलेली आहे असं वाटायचं. आणि सोमवारी तेच सगळं प्राक्सिसमध्ये, मीनलकडे, बेकरीच्या रांगेत हर्षच्या नावानं सांगितलं जायचं. इटालियन मुलगा, मासळी, तीन स्वेटर, सगळं.

मी एकदा म्हटलं, “लीला, पुरे आता. उद्या कोणी विचारलं तर?”

“काय विचारतील? तुम्ही उगाच घाबरता.”

मी घाबरतच होतो. खोटं बोलणारा माणूस मला कळतो. त्याचे डोळे एका जागी ठरत नाहीत. हिचे डोळे अगदी शांत होते. तिला ते खोटं वाटतच नव्हतं, आणि मी घाबरत होतो तो त्यामुळे.

बॉनच्या घरात हर्षची खोली होती. ज्या घराचं तोंड त्यानं पाहिलं नाही, त्या घरात. त्याचा पलंग, त्याचं टेबल, भिंतीवरचा हॅनोव्हरच्या फुटबॉल टीमचा स्कार्फ, सगळं आम्ही बरोबर आणलं होतं. मला वाटलं होतं, हळूहळू आवरून टाकू. लीला दर शनिवारी तिथली चादर बदलायची. कोणी घर बघायला आलं की दार उघडून दाखवायची, “सुट्टीत आला की इथे झोपतो.” अन्वी सुट्टीत आली की बैठकीच्या सोफ्यावर झोपायची. एका उन्हाळी दुपारी मी घरी लवकर आलो, तर त्या खोलीतून लीलाच्या हसण्याचा आवाज. फोनवर बोलत असेल म्हणून मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. तिचा फोन ओट्यावर पडलेला होता. आतून ती म्हणाली, “चल, काहीतरीच तुझं!” आणि परत हसली. मी हातातला ग्लास न भरताच खाली ठेवला आणि परत बाहेर जाऊन जिन्यात बसलो. साठीला आलेला माणूस मी, स्वतःच्या घरात जायला भ्यायलो.

बरं, हिला एकटीला काय बोलणार? पुढच्याच रविवारी फोन मी उचलला, आणि स्क्रीनवर हर्ष. तोच राखाडी हूडी, आखूड केस, मागे खिडकीतून भरभरून आलेलं ऊन, त्यामुळे चेहरा अर्धा काळोखात. माझ्या तोंडातून “हर्ष” निघालंसुद्धा.

“बाबा, मी आहे,” अन्वी म्हणाली. “केस कापले. उकडतं खूप.”

“छान दिसतंय,” मी म्हणालो. लीलानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. तिनं स्क्रीनवरून बोट फिरवलं. अन्वीनं ते पाहिलं. ती पोरगी मूर्ख नाही.

त्यानंतर अन्वी भलतंसलतं सांगायला लागली. भर दुपारी एकटी समुद्रात लांबवर पोहत गेले. कोणा ओळखदेख नसलेल्या मुलाच्या मोपेडवर मागे बसून पन्नास किलोमीटरवरच्या गावाला जाऊन आले, बिनहेल्मेटची. मी ओरडलो, “डोकं फिरलंय का तुझं? घरात एक...” आणि पुढचं गिळलं. अन्वी माझ्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

लीला हसून म्हणाली, “वेगाची आवड पहिल्यापासूनच.”

अन्वीला वेगाची कसली आवड? ती लहानपणी झोपाळ्यावरसुद्धा घाबरायची. तिनं फोन ठेवला. मी रागानं लीलाकडे वळलो, पण ती तेवढ्यात उठून फुलांना पाणी घालायला गेली होती.

सप्टेंबरमध्ये मीनलनं अन्वीला मेसेज केला. तिचा चुलतभाऊ मालागाला जाणार होता, त्याला खोली हवी होती. ‘तुझ्या दादाचा नंबर दे ना, तिकडे तोच मदत करेल.’ अन्वीनं तिला उत्तर न देता मला ऑफिसात फोन केला. माझी फायरआबेंडची, काम संपवून निघायची वेळ झाली होती, मी कोट चढवत होतो. तो अर्धा चढवलेला तसाच राहिला.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“अन्वी, तुझ्या आईला...”

“नाइन, नाही बाबा. आईचं मला सांगू नका.” ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. “दादा गेल्यापासून आई मला एकदाही रागावली नाहीये. एकदाही. जेवलीस का, कुठे जातेस, कोणाबरोबर जातेस, काही नाही. मी म्हटलं मी बुडता बुडता वाचले, तरी ती हसते. मेलेल्या माणसाला काही होत नाही ना, म्हणून ती घाबरत नाही. पण मी तर आहे ना? मला तर होऊ शकतं ना?”

मी कोटाची दुसरी बाही शोधत राहिलो.

“दिवाळीला येते,” ती म्हणाली. “मालागात कोण असतं ते आईनं ठरवायचं. ती म्हणाली दादा असतो, तर मी परत बॉनला येणार नाही. गेनाऊ, बाबा, खरंच नाही येणार. मला त्या सोफ्यावर नाही झोपायचं.”

हे मी लीलाला सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज चहा थंड व्हायचा.

यंदा भाऊबीज रविवारी आली. अन्वी शुक्रवारी आली होती, सोफ्यावर झोपत होती, चकल्या तळायला मदत करत होती, आणि दोघी मायलेकी एकमेकींशी इतक्या गोड बोलत होत्या की मला ते घर परकं वाटत होतं. लीलानं फराळाला क्षितिज, मीनल आणि मीनलच्या सासूबाईंना बोलावलं होतं. सासूबाई, मनोरमाबाई, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. इथल्या थंडीवर आणि पावावर त्यांचा विशेष राग होता.

“बोलावू नकोस,” मी सकाळी म्हणालो होतो. “हर्षचं विचारतील.”

“विचारू देत की.”

चार वाजता मंडळी आली. फराळ झाला. मनोरमाबाईंनी लीलाच्या अनारशांना जाळी छान पडल्याचं सर्टिफिकेट दिलं. मीनल सकाळी ठाण्याच्या भावाला टॅबवर कसं ओवाळलं ते सांगत होती, “अहो काकू, कुंकू लावताना लाल बटणच दाबलं गेलं, आणि कॉल कट!” क्षितिज पोट धरून हसला. अन्वी मान खाली घालून शंकरपाळ्याचे तुकडे करत बसली होती. बाहेर अंधारून येत होतं. नोव्हेंबरात इथे पाच वाजले की दिवस संपतो.

“काय गं अन्वी,” मनोरमाबाई म्हणाल्या, “तू नाही ओवाळलंस अजून? भाऊ तुझा परदेशात. लाव की फोन. तिकडे आता वाजले किती?”

“तिकडे इकडे वेळ एकच असते, आई,” क्षितिज म्हणाला.

“मग झालं तर! आम्हीपण बघू त्याला. इतकं ऐकलंय लीलाताईंकडून.”

मी उठलो. म्हणालो, “त्याची परीक्षा चालू आहे.” कसलं सुचलं, रविवारी परीक्षा! पण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं, कारण लीला उठली होती. तिनं शांतपणे पाट मांडला. पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढली. ताम्हनात निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू ठेवलं, वात लावली, आणि ते अन्वीच्या हातात दिलं. पाटावर वाटीला टेकवून स्वतःचा फोन उभा केला. स्क्रीनवर हर्षचा फोटो आला, हॅनोव्हरच्या तळ्याकाठचा, डोळ्यांवर ऊन घेतलेला. तिनं व्हिडिओ कॉलचं बटण दाबलं.

“लीला,” मी म्हणालो.

पाटावरून रिंग जायला लागली. आणि हर्षच्या बंद खोलीतून फोन वाजायला लागला.

तो नंबर बंद करायचा धीर मला झाला नव्हता, एवढं मला माहीत होतं. पण तो फोन ही रोज चार्ज करून ठेवते हे मला माहीत नव्हतं. त्याची ती गिटारची रिंगटोन. तीन वर्षांत मी ती ऐकली नव्हती. दाराखालच्या फटीतून निळा उजेड दिसत होता. लीला त्या दाराकडे अशी बघत होती, की आता ते उघडणारच.

“अय्या,” मीनल म्हणाली, “फोन घरीच विसरला की काय तो?”

रिंग वाजत राहिली. अन्वी ताम्हन हातात घेऊन पाटासमोर उभी होती, आणि ताम्हनातली सुपारी हलत होती. मला वाटलं, ही आता किंचाळेल, नाहीतर ताम्हन टाकून निघून जाईल. स्टेशन काही लांब नाही.

ती वळली, कोपरानं बाल्कनीचं दार उघडलं आणि बाहेर गेली.

“हे काय? कुठे निघाली?” मनोरमाबाई म्हणाल्या.

अन्वीनं मान वळवली आणि तिच्या त्या अडखळत्या मराठीत, एकेक शब्द नीट लावून म्हणाली, “चंद्राला ओवाळते, आजी.”

ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं. हे आमच्यात लहान पोरीलाही ठाऊक असतं. लीलाला भाऊ नव्हता. हॅनोव्हरच्या बाल्कनीत ती दर वर्षी चंद्राला ओवाळायची, तेव्हा ही दोन्ही पोरं तिच्या पदराला धरून उभी असायची, आणि ती अन्वीला म्हणायची, तुझं बरं आहे बाई, तुझा चंद्र घरातच आहे.

मनोरमाबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना कळलं. मग मीनलला कळलं, आणि तिनं क्षितिजचा हात घट्ट धरला. क्षितिज माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. एवढंच जमलं मला. आतला फोन वाजून वाजून बंद झाला.

बाहेर चंद्र नव्हताच. बॉनला नोव्हेंबरात कसला चंद्र! ऱ्हाईनवरून आलेले ढग छपरांना टेकले होते. अन्वीनं तरी ताम्हन वर उचललं आणि समोरच्या इमारतीच्या वर, जिथे चंद्र असायला हवा असं तिला वाटलं तिथे, ओवाळायला लागली. वारा होता. ज्योत आडवी व्हायची, पुन्हा उभी राहायची.

लीला पाटाजवळून उठली. मला वाटलं, ही तिच्या हातातून ताम्हन हिसकावून घेणार. मी दोन पावलं पुढे झालो. लीला बाल्कनीच्या उंबऱ्यात थांबली. मुलीच्या पाठीकडे बघत राहिली, कापलेल्या केसांकडे, मग खाली. बराच वेळ खाली बघत राहिली. तिचे खांदे एकदम खचले.

“अनू,” ती म्हणाली. हे नाव आम्ही घरात तीन वर्षं ऐकलं नव्हतं. “पायांत काय आहे तुझ्या?”

अन्वी वळली नाही. “काही नाही.”

“काही नाही म्हणजे? फरशी बघ, बर्फ झालीय नुसती! अक्कल आहे का काही? एवढी घोडी झालीस, आणि अनवाणी उभी राहतेस थंडीत?” लीलाचा आवाज चढत गेला. पाहुणे आहेत, शेजारी आहेत, इमारतीच्या नियमांची हाउसऑर्डनुंग आहे, कशाचं तिला भान नव्हतं. “छातीत सर्दी भरली म्हणजे? आजारी पडलीस तर तिकडे मालागात कोण आहे तुझं बघायला? कोण आहे तिथे, सांग ना! तू एकटी असतेस तिथे. एकटी! आणि मला एकटीच उरली आहेस तू, कळतं का तुला?”

शेवटचं वाक्य तिला धड म्हणता आलं नाही. तिनं खांद्यावरची शाल ओढून काढली आणि मुलीच्या पाठीवर टाकली, जवळजवळ फेकलीच, आणि मग उघड्या पायांनी स्वतःच त्या गार फरशीवर उतरली आणि वाऱ्याच्या बाजूनं ज्योतीभोवती दोन्ही हात धरून उभी राहिली.

“चल, आत ये. चपला घाल आधी,” ती म्हणाली.

अन्वी आत आली नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. तशीच अनवाणी उभी राहिली, आई आणखी थोडी रागावेल म्हणून.